सॅक्स पार्सर म्हणजे काय? विकिडेटाचं एक्सएमएल मोबाईलवर वाचताना

विकिडेटाला स्पार्कल भाषेत प्रश्न विचारला की उत्तर एक्सएमएलमध्येही मिळतं. त्याचा साचा डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये ठरवून दिलाय. वर 'हेड', खाली 'रिझल्ट्स', आत प्रत्येक ओळीचा एक 'रिझल्ट', त्यात 'बाइंडिंग', आणि त्याच्या पोटात प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे 'लिटरल'.

मी मोहन्यात राहतो. मोहन्यासकट महाराष्ट्रातल्या सगळ्या गावांची मराठी नावं मागवायची म्हटली तर फाईल चांगलीच मोठी होते. डॉम पद्धतीचा पार्सर आधी अख्ख्या फाईलचं झाड मेमरीत उभं करतो. कमी रॅमच्या फोनवर अ‍ॅप तिथेच मान टाकतं. सॅक्सचं तसं नाही. आमच्या आंबिवली स्टेशनवरून मालगाडी जाते तेव्हा डबे मोजायला ती थांबवावी लागत नाही. डबा आला, मोजला, गेला. सॅक्सही 'टॅग उघडला', 'मजकूर आला', 'टॅग बंद झाला' एवढंच सांगत पुढे सरकतो. कशावर काय करायचं ते आपण हँडलरमध्ये लिहायचं. 'बाइंडिंग' उघडलं की त्याचं नाव लक्षात ठेवा. 'रिझल्ट' बंद झाला की ओळ डेटाबेसमध्ये टाका.

सॅक्स १९९८ मध्ये जावासाठी आलं. अँड्रॉइडमध्ये ते आधीपासूनच असतं, पायथॉनमध्येही.

आता खरी गंमत. एका 'लिटरल'चा मजकूर एकाच इव्हेंटमध्ये येईल, याची हमी सॅक्स देत नाही. फाईल तुकड्यातुकड्याने वाचली जाते, आणि तुकडा नेमका नावाच्या मध्ये संपू शकतो. युनिकोडमध्ये 'मोहने' म्हणजे पाच चिन्हं: म, ओकार, ह, न, एकार. म्हणजे पहिल्या इव्हेंटमध्ये नुसता 'म' आणि दुसऱ्यात उरलेलं, असंही होतं. शेवटचा तुकडाच ठेवणारं कोड गावाचं नाव बिघडवतं, तेही हजारात एखाद्या वेळी, त्यामुळे चाचणीत सापडत नाही. उपाय सोपा आहे. टॅग उघडताना रिकामी यादी घ्या, येईल तो तुकडा तिच्यात टाका, टॅग बंद होताना सगळे जोडा.

वीस-पंचवीस ओळींसाठी मात्र एवढा खटाटोप नको, सरळ जेसन मागवा. सॅक्सला मागे वळून बघता येत नाही, ही अडचण आहेच.

आणि नेट मध्येच तुटलं तर? तोवरच्या ओळी डेटाबेसमध्ये गेलेल्या असतात. म्हणून सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, आणि 'डॉक्युमेंट संपलं' हा इव्हेंट आल्यावरच कमिट करा.