देवाची मालमत्ता व विश्वस्तांचे कर्तव्य

मंदिराचा जीर्णोद्धार हे सर्व ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या एकजुटीचे फळ होय. कळस चढला, काम पार पडले. आता कारभार चोख ठेवण्याचे काम पुढील पिढ्यांकडे जाते. या निमित्ताने देवस्थानच्या मालमत्तेचा व विश्वस्तांच्या जबाबदारीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

वाशी परिसर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळी देवाच्या पूजाअर्चेसाठी, दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिल्या जात. अशा सेवेच्या इनामास खिदमतमाश म्हणत, आणि त्याचा दाखला म्हणजे मुंतखब. सेवा ज्या घराण्याकडे, वहिवाटही त्याच घराण्याकडे. तीन-चार पिढ्या लोटल्या की जमीन देवाची की घराण्याची, हा प्रश्न भावाभावांत उभा राही. पुढे हैदराबाद राज्यात 1954 साली इनामे नष्ट करणारा कायदा झाला. पण धार्मिक संस्थांची इनामे त्यातून वगळण्यात आली. सेवा चालू राहावी हाच त्यामागील हेतू होता.

घराण्याचे देऊळ व लोकांचे देऊळ यांतील भेद न्यायालयांपुढे अनेक वेळा आला. नाशिकच्या श्री व्यंकटेश बालाजी संस्थानाचा दावा प्रसिद्ध आहे. मूर्ती पूर्वजांस लाभलेली, पूजा पिढ्यान्पिढ्या घराण्याकडे, म्हणून संस्थान खाजगी, असे गोसावी घराण्याचे म्हणणे होते. परंतु संस्थानास मिळालेली इनामे व उत्सवास लोटणारा जनसमुदाय ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली ते सार्वजनिक ठरविले. पंढरपुरीही तसेच घडले. बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने संपुष्टात आले, आणि त्यावरील दीर्घ न्यायालयीन लढा जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. 2021 साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, देवस्थानच्या जमिनीची मालक देवताच असते. पुजारी हा मालमत्तेची देखरेख करणारा होय.

आज देवस्थानांस 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. तो मूळचा मुंबई राज्याचा. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास मराठवाड्यास लागू झाला, व 2012 च्या दुरुस्तीने त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले. त्यातील पुढील बाबी प्रत्येक विश्वस्ताने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट नोंदणीची. धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकवर विश्वस्तांची नावे व मालमत्तेची नोंद असते. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा निवडला किंवा मालमत्तेत भर पडली, तर 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण वडील वारल्यावर मुलाने काम पाहिले आणि कागदावर मात्र वडिलांचेच नाव राहिले, असे झाले की बँकेचे खाते अडते व पुढे दोन गट उभे राहतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, अदलाबदल वा बक्षीसपत्र करता येत नाही. शेतजमीन 10 वर्षांहून अधिक आणि इमारत वा बिनशेती जागा 3 वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही. इनाम जमिनीस महसूल खात्याचीही बंधने आहेत. सात-बारावर देवाचे नाव कायम आहे ना, हे विश्वस्तांनी दरवर्षी उतारा काढून पाहावे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. वर्गणीची पावती, खर्चाचे बिल व सभेचे ठराव जपून ठेवावेत. 31 मार्चला हिशेब मिटवून तपासून घ्यावा. शिल्लक रक्कम मान्यताप्राप्त बँकेत वा पोस्टात असावी; ती कोणा विश्वस्ताच्या घरी राहू नये किंवा हातउसनी दिली जाऊ नये. गैरकारभार सिद्ध झाल्यास विश्वस्तास दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांस आहे.

कारभारात अडचण आल्यास विश्वस्तांनी न्यायालयाचा सल्ला मागावा, अशीही सोय कायद्यात आहे. आधी विचारणारा विश्वस्त निर्धास्त राहतो.

ज्या माउलीने मजुरीतून शंभर रुपये दिले आणि ज्या दात्याने लाख दिले, त्या दोघांचाही पैसा देवाच्या दारी सारखाच आहे. विश्वस्त हा त्या पैशाचा राखणदार. हिशेबाची वही गावापुढे उघडी राहिली तर या मंदिरात भांडण शिरणार नाही. श्रींनी सर्वांस तशी सद्बुद्धी द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.