ई-इंक मागे का राहिलं?

टॅबलेटवर पिक्चर चालतो, गेम चालतात, व्हिडिओ कॉल होतो. मग किंडलवर साधं पान उलटताना स्क्रीन अशी काळी होऊन का लुकलुकते? आज त्याचाच इतिहास बघू.

एमआयटी मीडिया लॅबमधल्या जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. कल्पना भन्नाट होती. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, आत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण. दोन्हींवर विरुद्ध विद्युतभार. व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. मग वीज बंद केली तरी कण तिथंच थांबतात. म्हणून तर बॅटरी कित्येक दिवस टिकते.

गोम इथंच आहे. जागचा हलत नाही म्हणून जो कण बॅटरी वाचवतो, तोच हलवायचा म्हटलं की वेळ खातो. साधी एलसीडी सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते. इथं मात्र कणांना द्रवातून पोहत जावं लागतं. शिवाय आधीच्या पानाची पुसट सावली उरते, ती घालवायला अधूनमधून अख्खी स्क्रीन काळी-पांढरी करावी लागते. प्रोसेसर कितीही तगडा घाला, कण काही त्याचं ऐकत नाहीत.

दुसरं कारण पैशाचं. २००४ मध्ये जपानमध्ये सोनीचा लिब्रिए आला, २००७ मध्ये ३९९ डॉलरचा पहिला किंडल. त्यात करड्या रंगाच्या फक्त ४ छटा होत्या, तरी साडेपाच तासांत माल संपला! मग २०१० मध्ये आयपॅड आला. एलसीडीच्या मागे टीव्ही, लॅपटॉप, फोन असा अख्खा बाजार उभा होता. ई-इंककडे मोजकीच गिऱ्हाइकं. त्यात अ‍ॅमेझॉनची खरी कमाई पुस्तकांची. वाचता येतंय ना, मग नवी फीचर्स घालायची घाई कशाला? किंडलला स्वतःचा दिवा मिळाला २०१२ मध्ये, रंग थेट २०२४ मध्ये.

पण सगळं खापर कणांवर फोडू नका. भारतात किंडल स्टोअर २०१२ मध्ये आलं. त्यात मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या किंडलनंतर ९ वर्षांनी. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी योग्य जागी बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. मी रोज कोडच लिहितो, म्हणून सांगतो, त्यासाठी कणांनी जोरात पोहायची काहीच गरज नसते. आपली भाषा त्यांच्या यादीत खाली होती, एवढंच.

तेव्हा ई-रीडर घेताना व्हिडिओ चालत नाही म्हणून रुसू नका, तिथं भौतिकशास्त्र आडवं येतं. मराठी फॉन्ट, मराठी शब्दकोश मात्र हक्कानं मागा. कंपनीला फीडबॅक पाठवा, आणि तोही मराठीतच.

भेटू पुढच्या भागात!