आदिजेकाठची वाट

रोमन रस्ते आपण पाहतोच आहोत. आज त्यातला एक सायकलीवरून पाहू. इ.स.पूर्व १५ मध्ये ड्रूससनं आल्प्सच्या मोहिमेत ही वाट काढली. पुढं त्याच्याच मुलानं, सम्राट क्लॉडियसनं, इ.स. ४६-४७ च्या सुमारास ती पक्की बांधली. मेरानोजवळ सापडलेल्या मैलाच्या दगडावर बापलेकांची ही हकिगत कोरलेली आहे.

आता रेशन खिंडीपासून मेरानोपर्यंत, आदिजे नदीच्या सोबतीनं, सायकलवाट सुमारे ८० किलोमीटरमध्ये जवळजवळ १२०० मीटर खाली उतरते. सफरचंदाच्या बागा लागतात. पाट्यांवर नावं जर्मन आणि इटालियन, दोन्ही. हा मुलूख १९१९ च्या तहानं ऑस्ट्रियाकडून इटलीला गेला ना!

पण थांबायचं ते वरच, खिंडीजवळच्या तलावापाशी. पाण्यातून चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा वर आलेला दिसतो. सायकल टेकवून लोक फोटो काढतात. आम्हाला विचाराल तर त्या फोटोखाली 'निसर्गसौंदर्य' लिहू नये. ते ग्राउन गाव. वीजनिर्मितीच्या धरणासाठी १९५० मध्ये बुडवलेलं. दीडशेहून जास्त घरं पाण्याखाली गेली. नवं ग्राउन काठावर, जरा उंचावर वसवलं. सायकलवाट तलावाच्या कडेनंच जाते.