निरोप्यांची साखळी

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या. पोलिसांना चकविण्यासाठी बिऱ्हाड सारखे हलवावे लागे. तरी १२ नोव्हेंबरला यंत्र सापडलेच. जागा दाखविणारा तंत्रज्ञ त्यांच्यातलाच होता. उषाबेनना ४ वर्षांची शिक्षा झाली.

एकाच माणसाला सारे ठाऊक, तेथेच घात झाला. नेमकी हीच खोड ‘टॉर’ने काढून टाकली आहे. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतील कल्पनेतून निघालेली ही संगणकांची साखळी आज जगभरचे हजारो स्वयंसेवक पदरमोड करून चालवितात. निरोपाला कांद्यासारखे पापुद्रे. बहुधा तीन टप्पे, दर टप्प्याला एक पापुद्रा उतरायचा. पहिल्याला धाडणारा कळतो, मुक्काम नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, धाडणारा नाही. धरून बडवला तरी बिचारा सांगणार काय?

पण पोलीस दार ठोठावतात ते ह्या शेवटच्याचेच. मॉस्कोचे दिमित्री बोगातोव असेच एप्रिल २०१७ मध्ये पकडले गेले. त्यांच्या संगणकावरून कुणीतरी चिथावणीचा मजकूर धाडला होता. आधी तुरुंग, मग घरातच कैद. आरोप मागे घेतले ते मे २०१८ मध्ये. गृहस्थ गणिताचे शिक्षक, म्हणजे आम्हा कोल्हापूरच्या मास्तरांच्याच जातकुळीतले! उषाबेनना आपण काय बोलतो ते ठाऊक होते; ह्या मास्तरांना तेवढेही नव्हते.