घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे : सीपॅप चाचणीची तयारी आणि यंत्र घेताना घ्यायची काळजी

घरातला माणूस जोरात घोरू लागला की आपण म्हणतो, "दमून आलाय, झोपू द्या." पण घोरण्याचा आवाज मध्येच बंद पडत असेल, थोड्या वेळाने गुदमरल्यासारखा श्वास घेऊन तो दचकत असेल आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. तो स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध असू शकतो. आपल्या वस्त्यांमध्ये चालक, सुरक्षा रक्षक, रात्रपाळीचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. स्टिअरिंगवर लागलेली एक डुलकी किती घरे उद्ध्वस्त करू शकते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून कार्यकर्त्यांनी ही माहिती स्वतःजवळ ठेवावी आणि इतरांनाही सांगावी.

आजार काय आहे?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. किमान १० सेकंद श्वास थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रभर चालते, पण सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे प्रसंग तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० किंवा जास्त असतील तर तीव्र मानतात. दुर्लक्ष केल्यास उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. लठ्ठपणा हे मोठे कारण आहे; मात्र सडपातळ माणसालाही हा आजार होतो.

दोन चाचण्या, दोन हेतू

पहिली चाचणी निदानासाठी. डोके, चेहरा, छाती, पाय आणि बोटाला सेन्सर लावून रात्रभर मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके, श्वास आणि प्राणवायू यांची नोंद घेतात. दुसरी टायट्रेशनची. यात मास्क लावून झोपायचे असते. यंत्र हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवते. तंत्रज्ञ कमी दाबापासून सुरुवात करून तो हळूहळू वाढवतो आणि कोणत्या दाबाला श्वास थांबणे बंद होते ते पाहतो. या यंत्राचा दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाएवढा असतो. कधी कधी दोन्ही चाचण्या एकाच रात्रीत होतात. सीपॅपचा हा उपचार ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रथम मांडला.

चाचणीच्या दिवशी

– केस शाम्पूने धुवा. तेल, जेल लावू नका. सेन्सर चिकटत नाहीत. चेहऱ्याला क्रीमही नको.
– बोटांवरील नेलपॉलिश काढा. चमकी, नथ घरी ठेवा.
– दाढीचे खुंट असतील तर गुळगुळीत दाढी करा. मास्कमधून हवा निसटत नाही.
– दुपारनंतर चहा-कॉफी टाळा, दारू अजिबात नको. दिवसा झोपू नका.
– नेहमीची औषधे मनाने बंद करू नका. झोपेची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. औषधांची यादी सोबत न्या.
– सर्दीने नाक चोंदले असेल तर आधी फोन करून विचारा.
– सैल, दोन भागांचे कपडे घाला. सवयीची उशी नेली तरी चालते.
– रात्रपाळी करत असाल तर ते आधीच कळवा.

मास्कने घुसमटल्यासारखे वाटले तर संकोच न करता तंत्रज्ञाला सांगा. दुसरा मास्क मिळू शकतो. रात्री लघवीला जायचे असेल तर हाक मारली की तो वायर सोडवतो.

अहवालात काय मागावे?

उपचाराआधी आणि यंत्रावर असताना तासाला किती वेळा श्वास अडला, प्राणवायू किती खाली गेला, योग्य दाब किती, मास्कचा प्रकार व माप कोणते, हे सर्व लेखी घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाबाचा आकडा असलाच पाहिजे.

यंत्र घेताना

सीपॅप एकच ठरावीक दाब देते. ऑटो सीपॅप गरजेनुसार दाब बदलते. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते. कोणते घ्यायचे हे विक्रेत्याने नव्हे, डॉक्टरांनी ठरवावे. शक्य असेल तर आधी काही आठवडे भाड्याने वापरून पाहा. मास्क चेहऱ्यावर लावून, आडवे होऊनच निवडा. पक्के बिल, वॉरंटी आणि दुरुस्तीची सोय तपासा. वापराची नोंद ठेवणारे यंत्र घेतल्यास डॉक्टरांना पुढे उपयोग होतो.

जुने यंत्र स्वस्त मिळते म्हणून लगेच घेऊ नका. आतल्या फोमच्या दोषामुळे फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली अनेक मॉडेल्स परत मागवली होती. मॉडेल आणि अनुक्रमांक तपासल्याशिवाय व्यवहार नको. मास्क आणि नळी तर नवीनच घ्या.

पैशांचा प्रश्न खरा आहे. केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे किंवा राज्य कर्मचारी विम्याचे लाभार्थी असाल तर खरेदीआधी मंजुरीची चौकशी करा. आधी खरेदी केल्यास परतावा अडकू शकतो. खासगी विम्यात घरी वापरायचे यंत्र अनेकदा वगळलेले असते, म्हणून पॉलिसी वाचा. मोठ्या शहरांतील सरकारी रुग्णालयांच्या श्वसनविकार विभागातही चाचणीची चौकशी करा.

घरी आल्यावर

मास्कची गादी रोज पुसा, नळी आठवड्याला सौम्य साबणाने धुवा, फिल्टर वेळेवर बदला. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला. वीज जात असेल तर इन्व्हर्टरची सोय बघा. सुरुवातीला दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावून सवय करा. यंत्र कपाटात ठेवले तर आजार परत येतो. ते झोपेच्या पूर्ण वेळेत लावायचे असते.

चष्मा लावायला आपण लाजत नाही, तर मास्क लावायला लाज कसली? आज घरी गेल्यावर घोरणाऱ्या माणसाची थट्टा करू नका. पाच मिनिटे त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या. मध्येच थांबत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ते डॉक्टरांना दाखवा.