वादळानंतरची वैरण

चक्रीवादळाची बातमी वाचताना आपली नजर आधी माणसांच्या आकड्यांवर जाते. किती गेले, किती बेघर झाले. ते स्वाभाविकच आहे. दोन-चार दिवसांनी ती बातमी आतल्या पानावर जाते आणि मग दिसेनाशी होते. पण ज्या गावात गोठे आहेत तिथला एक प्रश्न वादळ ओसरल्यावरच सुरू होतो. वाचलेल्या जनावरांनी आज खायचं काय? आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, लुइझियाना राज्यात जावं लागेल. अटलांटिक महासागरात आणि मेक्सिकोच्या आखातात उठणाऱ्या चक्रीवादळांना तिकडे हरिकेन म्हणतात.

या राज्याच्या नैऋत्य टोकाला कॅमेरॉन नावाचा जिल्हा आहे. तिथे जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. मैलोन्‌मैल दलदल, आणि मधूनमधून किनाऱ्याला समांतर गेलेले, जेमतेम काही फूट उंचीचे उंचवटे. त्यांवर ओक वृक्षांची राई. गावं, घरं, गुरं बांधायच्या जागा या उंचवट्यांवर आणि चरायची कुरणं खाली, असा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार.

अमेरिकेतली गुरं म्हटलं की आपल्याला टेक्सास आणि सिनेमातले काऊबॉय आठवतात. पण लुइझियानातलं गुरंपालनही जुनं आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकेडिया मुलखातून १७५५ पासून ब्रिटिशांनी तिथल्या फ्रेंच भाषिक शेतकऱ्यांना हाकलून लावलं. त्यांपैकी काही कुटुंबं फिरत फिरत लुइझियानात आली. ४ एप्रिल १७६५ रोजी त्यांच्या पुढाऱ्यांनी दोतरीव नावाच्या एका गुरंमालकाशी करार केला. त्यानं प्रत्येक कुटुंबाला वासरांसह पाच गायी आणि एक वळू द्यायचा, त्यांनी सहा वर्षं सांभाळायचं, मुदत संपल्यावर मूळ गुरांइतकी गुरं परत करायची आणि झालेली वाढ निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. आपल्या खेड्यांत याला ‘अर्धेलीनं जनावर देणं’ म्हणतात. देशोधडीला लागलेल्या माणसांनी नव्या मुलखात पाय रोवले ते असे, दुसऱ्याच्या गायींच्या आधारानं. म्हणून तिथल्या माणसाला गुरं म्हणजे नुसता धंदा वाटत नाही.

या किनाऱ्यानं मोठा घाव सोसला तो २७ जून १९५७ रोजी. त्या वादळाचं नाव ऑड्री. इशारा मिळाला होता, पण सकाळी उठून निघू, अजून वेळ आहे, असं समजून अनेक जण रात्री झोपले. वादळानं वेग घेतला आणि पहाटे पाणी दारात आलं. चारशेहून अधिक माणसं गेली. गुरं तर हजारोंनी गेली.

तो धडा कॅमेरॉन विसरला नाही. २४ सप्टेंबर २००५ च्या पहाटे रीटा नावाचं वादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर होता आणि समुद्राचं पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढलं होतं. हॉली बीच नावाचं गाव जवळजवळ पुसलं गेलं. पण माणसं? ती बहुतेक सगळी आधीच बाहेर पडली होती. १९५७ ची आठवण असलेल्या म्हाताऱ्यांनी तरुणांना थांबू दिलं नाही. मात्र हजारो गुरं दोन-तीन दिवसांत कुठे आणि कशी हलवणार? जमतील तेवढी हलवली, बाकीची मागे राहिली.

आता जे झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. समुद्राचं पाणी आत शिरलं, पण सगळं परत गेलं नाही. रस्त्यांचे भराव आणि बांध यांनी ते अडवून धरलं. गवत खाऱ्या पाण्याखाली कुजलं. जी जनावरं पोहत, धडपडत एखाद्या बांधावर किंवा उंचवट्यावर पोहोचली, ती चारी बाजूंनी पाणी असूनही तहानलेली होती. उन्हाच्या दिवसांत मोठी गाय दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि दहा ग्रॅमच्या वर गेलं की ते गुरांना घातक ठरतं. तहान असह्य झाली की जनावर तेच पाणी पितं. मग ते झोकांड्या खातं, त्याला दिसेनासं होतं, शेवटी ते आडवं होतं.

अशा वेळी मदतीला आले ते आधी शेजारचे लोक. स्वतःची घरं पडलेली असताना घोडे आणि बोटी घेऊन माणसं दलदलीत शिरली. मागे मोठा पंखा लावलेल्या, उथळ पाण्यावरून सरकणाऱ्या सपाट बोटी त्यांनी वापरल्या. घोड्यांवरून गुरं हाकत कोरड्या रस्त्यापर्यंत आणली, डागावरून मालक ओळखून ती वेगळी केली. गुरंपालकांची संघटना आणि लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागातले लोक वैरण कुठून येते, कुणाला हवी, याचा मेळ घालत होते. जिथे घोडाही पोहोचेना, तिथे नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरमधून गवताचे गठ्ठे खाली सोडले. बाहेरच्या शेतकऱ्यांनी आपल्या गंजीतलं गवत ट्रकवर चढवून पाठवलं.

या कामाचा हिशेब आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मोठ्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो वाळलेलं गवत लागतं. तिकडचा यंत्रानं बांधलेला मोठा गोल गठ्ठा साडेचारशे-पाचशे किलोंचा असतो. म्हणजे एक गठ्ठा चाळीसेक गुरांना एक दिवस पुरतो. शंभर गुरांचा कळप महिनाभर जगवायचा तर सत्तर-पंचाहत्तर गठ्ठे हवेत. एका ट्रकमध्ये भागत नाही.

आणि दया असली म्हणजे पुरतं असंही नाही, त्यातलं कळावंही लागतं. उपाशी गुरापुढे एकदम धान्य टाकलं तर पोटात आम्ल वाढून ते दगावू शकतं. म्हणून आधी साधं वाळलेलं गवत. मीठ अंगात भिनलेल्या तहानलेल्या जनावराला एकदम पोटभर गोडं पाणी पाजलं, तर मेंदूला सूज येऊन ते मरू शकतं. म्हणून थोडं थोडं, वेळानं पाजायचं. डोळ्यांसमोर गाय पाण्यासाठी हंबरते आहे आणि हातातली बादली आवरून धरायची आहे, हे किती कठीण असेल, याची कल्पना ज्यानं जनावर पाळलंय त्यालाच येईल.

याच काळाला लागून अमेरिकेत एक कायदा झाला. रीटाच्या चारच आठवडे आधी कटरिना वादळानं न्यू ऑर्लीन्स शहर बुडवलं होतं. कुत्र्या-मांजरांना सोडून येणार नाही, म्हणून कित्येक लोक घरातच थांबले होते. म्हणून २००६ मध्ये, माणसांना हलवण्याच्या योजनेत घरातल्या पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे, असा कायदा आला. चांगलाच कायदा. पण त्यात गुरं नाहीत. गुरांचा भार बराचसा शेजाऱ्यांच्या गंजीवरच राहिला.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाऊ नये. ही गुरं बहुतेक मांसासाठी पाळलेली. आज ना उद्या ती कत्तलखान्यातच जायची. मग त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालायचा कशाला? कुणी म्हणेल, मालकाचे पैसे वाचावेत म्हणून. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. दुसऱ्या राज्यातून फुकट गवत पाठवणाऱ्याचे त्यात कुठले पैसे? मी ज्या घरात वाढलो तिथे कुर्बानीच्या बकऱ्याला शेवटपर्यंत चारा-पाणी द्यायचं, त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही, असा दंडक होता. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या पादत्राणात पाणी भरून आणणाऱ्या माणसाचे गुन्हे माफ झाले, ही हदीसमधली गोष्ट आई सांगायची. जनावराचा शेवट काय होणार, यावर त्याची आजची तहान-भूक ठरत नाही. जोवर ते आपल्या दावणीला आहे, तोवर त्याचं देणं आपल्यावर आहे. हे धर्म कुठलाही असो, गोठ्यात वावरणाऱ्याला कळतं.

हे देणं एकीकडून दुसरीकडे फिरत राहतं, हेही पाहण्यासारखं आहे. १३ सप्टेंबर २००८ रोजी आइक वादळानं टेक्सासच्या किनाऱ्यावरची कुंपणं झोपवली आणि कॅमेरॉनमध्येही पुन्हा पाणी भरलं. पुन्हा गवताचे ट्रक निघाले. २०१७ च्या मार्चमध्ये कॅन्सस, ओक्लाहोमा आणि उत्तर टेक्सासमधली गवताळ राानं पेटली तेव्हा शेकडो मैलांवरून वैरण आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वी वादळानं टेक्सासचा किनारा बुडवला. आपत्ती जाहीर झालेल्या ५४ जिल्ह्यांत मांसासाठी पाळलेल्या सुमारे १२ लाख गायी होत्या. पुन्हा गंजी उघडल्या. आपल्याकडे २०१९ मध्ये असंच एक वर्ष आलं. उन्हाळ्यात मराठवाड्यात दुष्काळानं चारा छावण्या लागल्या आणि ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरचे गोठे पुराखाली गेले. तेव्हा इतर जिल्ह्यांतून चाऱ्याच्या गाड्या तिकडे गेल्या. पाणी नसल्यानं उपासमार आणि पाणी जास्त झाल्यानंही उपासमार, दोन्हींवर उतारा एकच: दुसऱ्याच्या गंजीतली पेंढी.

या वैरणीनं गावं वाचली का? खरं सांगायचं तर सगळी नाही. कॅमेरॉनची लोकसंख्या २००० साली ९,९९१ होती. २०१० मध्ये ६,८३९ उरली, २०२० मध्ये ५,६१७. त्याच वर्षी २७ ऑगस्टला ताशी दोनशे चाळीस किलोमीटर वेगाचं लॉरा वादळ नेमकं कॅमेरॉनवरच आलं. विमा, घर उंच बांधण्याचा खर्च, सरकत जाणारा किनारा, यांपुढे गवताचा गठ्ठा कितीसा पुरणार? पण रीटानंतर जे परत आले, त्यांतल्या कित्येकांना घर उरलं नव्हतं, कळप उरला होता. कळप असला की रोज सकाळी तिथे जावं लागतं. जावं लागलं की कुंपण उभं करावं लागतं. कुंपण उभं राहिलं की शेजारी दिसतो. १७६५ मध्ये परक्या मुलखात आलेल्यांनी सुरुवात केली होती तीही अशीच.

पुढच्या पावसाळ्यात कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या वादळाची बातमी आपण वाचू. माणसं सुखरूप असल्याचं वाचून हायसं वाटेल. तेव्हा एवढंच विचारू या, की तिथल्या गोठ्यात आज वैरण पोहोचली का, आणि आपल्या गंजीतली एक पेंढी निघू शकते का.