उत्प्रेरकांतील लहानशी भेसळ

हदगावकडे कपाशीच्या शेतांत युरियाचें पोतें फोडतांना त्याचा संबंध एका भेसळीशीं आहे, असें कोणाच्या मनांत येणार नाहीं. खतांतील भेसळ आम्हांस अभिप्रेत नाहीं. आमचा रोख उत्प्रेरकाकडे आहे. नैसर्गिक वायूंतील मिथेन व पाण्याची वाफ सुमारें ८०० अंश उष्णतेवर निकेलवरून नेलीं म्हणजे हायड्रोजन सुटतो; त्याचा पुढें अमोनिया व अमोनियाचा युरिया होतो. रायगड जिल्ह्यांतील थळच्या कारखान्याची रीत हीच.

भेसळीची कथा सुरू होते ती अमोनियापासून. १९०९ मध्यें हाबर यांनीं अमोनिया करून दाखविला, तो ऑस्मियमसारख्या दुर्मिळ धातूच्या साह्यानें. तो स्वस्त लोखंडावर व्हावा म्हणून मिटाश या जर्मन रसायनज्ञानें हजारों प्रयोग केले. शुद्ध लोखंड फसलें, आणि स्वीडनचें एक ओबडधोबड खनिज उत्तम ठरलें! गुण केवळ लोखंडाचा नव्हता, त्यांतील मळाचाहि होता. तेव्हां ॲल्युमिना व पोटॅश मुद्दाम मोजून घालण्यांत आलीं, आणि १९१३ मध्यें ओपाऊचा कारखाना चालू झाला.

मिथेनच्या निकेलास रोग निराळा, काजळीचा. तिलाहि पोटॅश व मॅग्नेशिया आळा घालतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत १९९० नंतर चौधरी प्रभृतींनीं निकेल व मॅग्नेशिया यांवर मिथेनचे प्रयोग केले. वाफेऐवजीं कार्बन डायॉक्साइड घेतला तर पृथ्वीस तापविणारे दोन्ही वायु एकदम कामीं लागतात. पण काजळी अधिक धरते.

म्हणून अलीकडे निकेल, मॉलिब्डेनम यांचीं फॉस्फाइडें वापरून पाहतात. धातूचा क्षार व फॉस्फेट हायड्रोजनांत तापविलीं कीं फॉस्फाइड तयार होतें; परंतु उष्णता इतकी लागते कीं कण एकमेकांस चिकटून जाड होतात व काम करणारा पृष्ठभाग आटतो. यावर उपाय सायट्रिक आम्लाचा, लिंबांत असतें तेंच! द्रावणांत तें धातूचे आयन परस्परांपासून दूर धरून ठेवतें आणि हवेंत भाजतांना स्वतः जळून जातें. पोटॅश निदान पदार्थांत राहतें. या आम्लाचा मागमूस उरत नाहीं, कण मात्र बारीक निघतात. कार्बन डायॉक्साइडच्या माऱ्यांत फॉस्फाइडाचें पुन्हां ऑक्साइड होण्याची भीति उरतेच.

आम्ही मात्र पंचवीस वर्षें फळ्यावर समीकरणाच्या बाणावर 'निकेल' एवढा एकच शब्द लिहीत आलों. तें निकेल कसें बनविलें, हें विद्यार्थ्यांनीं विचारलें नाहीं व आम्हीं सांगितलें नाहीं.